सेकंडहँड इंजिन बसवल्यापासून चेक इंजिनचा दिवा जात नाही, ईसीएम बदलू का?

नाही भाऊ, ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, तो आत्ता नका बदलू.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१४ ची पेट्रोल आहे, इंजिन सीझ झालं म्हणून दुसरं बसवलं. तेव्हापासून दिवा पेटलेला, चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा सुरू, पिकअप नाही, पेट्रोल जास्त खाते. मेकॅनिक ईसीएम बदला म्हणतो. पण ईसीएम तुमचा जुनाच आहे ना? बदललं ते इंजिन, आणि ते उतरवताना सुटले ते कपलर, म्हणजे वायरींचे प्लग, आणि अर्थच्या पट्ट्या. आधी तिथेच बघायचं. मी नागपुरात वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. इंजिन बदलून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत ईसीएम खरोखर गेलेला फार क्वचित निघाला.

पहिलं काम अर्थचं. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाड पट्टी असते. ती राहून जाते, नाहीतर रंगावर बसते. मागच्या उन्हाळ्यात कामठी रोडकडून एक टॅक्सीवाले गाडी टोचन करून घेऊन आले. ईसीएम दुसरा टाकून झाला होता. त्याचा इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं लॉक, यांच्या चावीला ओळखेना, त्यामुळे आधी कशीबशी चालणारी गाडी आता सुरूच होईना. मी जुना ईसीएम परत लावला. इंजिन नवं दिसावं म्हणून विकणाऱ्याने ब्लॉकला चंदेरी रंग मारला होता आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच कसली होती. जागा घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला, गाडी ठीक झाली. त्या माणसाचे दहा दिवसांचे धंद्याचे पैसे गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही असं तपासा. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२–०.३ च्या आत हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ कच्चा आहे, आणि अर्थ कच्चा असताना एकाही सेन्सरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. सेल्फ मारताना क्लचची केबल गरम लागली तर समजा की करंट परतायला तिच्यातून वाट काढतो आहे.

आता पंख्याचं. माझा जास्त संशय इथे आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. ब्लूटूथवाला साधा डोंगल आणि मोबाइलही चालतो. दोषाचे कोड आधी लिहून घ्या, मग पुसा. लाइव्ह डेटामध्ये कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान बघा. तिथे उणे ४० दिसलं, सोबत पी ०११८ हा कोड असला, तर कूलंट सेन्सरचं सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे. नागपुरात उणे ४० कुठून येणार! पण खरं तापमान कळत नाही म्हणून ईसीएम अंदाजाने चालतो, बऱ्याचदा पेट्रोल वाढवतो, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन तापू नये म्हणून पंखा चालूच ठेवतो. दिवा, पंखा आणि जास्त पेट्रोल, ही तिन्ही लक्षणं यात बसतात.

कूलंट सेन्सरचा कपलर दोनच वायरींचा असेल तर तो काढून दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम १२० च्या वर गेला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही शाबूत, दोष सेन्सरचा. हलला नाही तर बहुधा वायर तुटली आहे. तीन वायरींच्या कपलरवर हे चुकूनही करू नका, त्यात वेगळा सप्लाय असू शकतो.

कधी आकडा उणे नसतो, पण चुकीचा असतो. दुसऱ्या वर्षाच्या इंजिनाचा सेन्सर आट्यात बसतो, कपलरही लागतो, रेझिस्टन्स मात्र वेगळा. सकाळी रात्रभर उभ्या गाडीत चावी फिरवून बघा: कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. फरक मोठा असेल तर जुन्या इंजिनाचा सेन्सर काढून यावर लावा. म्हणून जुनं इंजिन इतक्यात भंगारात देऊ नका.

पिकअपसाठी मॅप सेन्सरही बघा, तो इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, म्हणून इथे ९७ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. गरम इंजिन आयडलला ३०–४० वर उतरतं. ५० च्या वर राहिलं तर एखादा व्हॅक्यूम पाइप सुटलेला असू शकतो. पुढच्या-मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे कपलर अदलाबदल झालेत का, तेही बघून घ्या.

आपल्याकडच्या उन्हात दहा वर्षं तापलेल्या कपलरचं प्लास्टिक खडखडीत होतं, ओढताना लॉक तुटतं. कपलर लागलेला दिसतो, पण पिन मागे सरकलेली असते. प्रत्येक कपलर हाताने दाबून बघा.

आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते लागतं, आणि विम्याचा क्लेम करायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच नंबर तपासतात. कोड आणि कूलंटचा आकडा इथे टाका, पुढचं मी सांगतो.