खानापुरात रिजनरेटिव्ह शेती: गावाला सामील कसं करून घ्यायचं?

पुण्याची नोकरी सोडून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, वडिलोपार्जित तीन एकरांत तुम्ही रिजनरेटिव्ह, म्हणजे मातीचा कस परत आणणारी शेती सुरू करताय. दर महिन्याला शहरातल्या लोकांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवायचं मनात आहे, आणि यात गावाला कसं घ्यायचं असं विचारलंय. माझं मत स्पष्ट सांगतो: पहिल्या वर्षी शिबिर ठेवूच नका. आधी शिवारातल्या माणसांबरोबर बसा. ती सोबत नसतील तर ही शेती उभी राहत नाही.

सुगी संपली की आपल्याकडे गुरं मोकळी सुटतात. भातानंतरच्या ओलीवर तुम्ही मसूर किंवा वाटाणा टाकला, वर पेंढा अंथरून जमीन झाकली, तरी महिन्याभरात त्यातलं काही उरणार नाही. भाऊबंदांच्या बांधांनी वेढलेल्या रानाला कुंपण घालायचं म्हणजे खर्चही वाढतो आणि मनंही दुखावतात. पाण्याचंही तसंच. वरच्या वाफ्याचं पाणी खालच्या वाफ्यात उतरतं, त्याबरोबर वरच्याने मारलेलं औषधही उतरतं. शेजारच्या माळावर गवत पेटवलं तर तुमच्या काजूखाली राखलेला पाचोळा त्यात गेलाच म्हणून समजा. म्हणजे माती सुधारायचे निम्मे निर्णय तुमच्या उताऱ्याच्या हद्दीबाहेर होतात.

म्हणून तुमच्या बांधाला बांध लागलेल्या घरांना आधी बोलवा. गावात वार पाळणूक असते त्या दिवशी कुणी शेतात जात नाही, माणसं निवांत भेटतात. त्या दिवशी देवळात बसा. 'गुरं थोडी उशिरा सोडाल का' एवढंच विचारा, आणि त्या बदल्यात काय देणार ते तिथेच बोला: पेंढ्यातला वाटा, नाहीतर गवताचा राखलेला तुकडा. मातीतल्या जिवाणूंवर भाषण तिथे नको.

शिकण्या-शिकवण्यासाठी शेतीशाळेची पद्धत मला सगळ्यात भावते. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी ती सुरू केली. तोच गट, तेच शेत, आणि लावणीपासून कापणीपर्यंत ठरावीक दिवसांनी भेट. कुणी व्याख्यान देत नाही. पीक बघायचं, किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मोजायचे, मग गटाने ठरवायचं. तुम्ही अर्धा एकर त्यासाठी काढा. एका बाजूला गावाची नेहमीची पद्धत, दुसऱ्या बाजूला तुमचा बदल, बियाणं दोन्हीकडे एकच. धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतच भात पेरणं, आपल्या लोकांच्या हातातली आहे, त्यामुळे चिखल न करता भात येतो हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची एस.आर.टी. (सगुणा राइस टेक्निक) ही नांगरणी-चिखलणी न करता भात घ्यायची पद्धतही समजून घ्या. त्यात कायमचे गादीवाफे असतात आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवतात. मात्र त्यात तणनाशक वापरतात. ते तुम्हाला चालणार का, हे गटात बोलून ठरवा.

गटात बायका हव्यातच. लावण त्या करतात, भांगलण त्या करतात. कुठल्या वाफ्यात हात सहज रुततो आणि कुठे नवं तण आलंय हे त्यांना आधी कळतं. आमच्याकडे आम्ही दोन ढेकळं घेतली, एक रोटर मारलेल्या वाफ्यातलं, एक बांधावरच्या काजूखालचं. दोन्ही वाळवून काचेच्या दोन पेल्यांत पाण्यात सोडली. वाफ्यातलं ढेकूळ बघता बघता फुटलं, पाणी गढूळ झालं. काजूखालचं तसंच बसून राहिलं, फक्त बुडबुडे येत होते. एक वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच पावसात आमचा व्हाळ तांबडा व्हतोय." पुढची सगळी चर्चा तिथून सुरू झाली.

त्यांना शिकायला बोलवताना रोजगार बुडवू नका. अर्ध्या दिवसाची बैठक असेल तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, किंवा पैरा करा: आज त्या तुमच्याकडे, उद्या तुम्ही त्यांच्या रानात. शहरातले पाहुणे फुकट भांगलायला आले म्हणून गावातल्या बाईचा रोज गेला, तर तुमच्या शेतीबद्दल पुन्हा कुणी चांगलं बोलणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

रयत संपर्क केंद्रातले, म्हणजे कर्नाटकच्या कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयातले कागद कन्नडमध्ये असतात. हायस्कूलच्या पोरांना ते बैठकीत वाचून मराठीत सांगायला लावा, पोरंही गुंततात.

गट टिकला तर पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणीकरण योजनेत नोंदणी करा. त्याला किमान पाच शेतकरी लागतात आणि तेच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. शेजाऱ्याचं रान तपासायला गेलेला माणूस जेवढं बघतो, तेवढं तो एरवी बांधावरून बघत नाही.

शिबिर दुसऱ्या वर्षी, तेही लावणीला किंवा सुगीला, गटातल्या बायकांच्या हाताखाली. फीमधला वाटा गटाचा, हे आधी लिहून ठेवा.

एक काम मात्र याच पावसाळ्यात करा. धूळवाफ करणाऱ्याला पेरणीआधी ताग-धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. त्याचा पाला वाफ्यात घालता येतो आणि गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पावसाच्या तोंडावर तीन-चार फुटांच्या जून फांद्या रोवल्या की फुटतात. माझ्या बांधावर भरपूर आहेत. शेजाऱ्यांसाठीही घेऊन जा, टेम्पो आणलात तर बरं.