खडकाचे वय म्हणजे नेमके कशाचे वय?

प्रश्न : डायनासोरच्या हाडाचे वय कार्बन पद्धतीने कसे काढतात?

उत्तर : काढत नाहीत, आणि काढता येणारही नाही. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे अर्धायुष्य (म्हणजे त्यातील निम्मे अणू ऱ्हास पावून बदलायला लागणारा काळ) सुमारे ५,७३० वर्षांचे आहे. सजीव मेल्यानंतर त्याला नवा कार्बन मिळणे थांबते आणि साठा घटत जातो. ५०,००० वर्षांनी मूळ प्रमाणाचा चारशेवा हिस्साही उरत नाही. डायनासोर तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले (त्यांचे वंशज असलेले पक्षी वगळून).

इतक्या जुन्या जीवाश्माचे वय बहुधा थेट हाडावरून ठरवतच नाहीत. ज्या थरात तो सापडला त्याच्या खाली आणि वर ज्वालामुखीच्या राखेचे थर असतील, तर त्यांतील स्फटिकांचे वय काढता येते. जीवाश्म खालच्या राखेपेक्षा नवा आणि वरच्या राखेपेक्षा जुना असणार, हे उघड आहे. इथिओपियातील हादर येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ‘लुसी’ या मानवसदृश जीवाश्माचे सुमारे ३२ लाख वर्षे हे वय असेच राखेच्या थरांतील, पोटॅशियमच्या ऱ्हासातून बनलेला आर्गॉन वायू मोजून ठरले.

प्रश्न : खडकातील युरेनियमचे ऱ्हास होऊन शिसे होते आणि त्यावरून वय काढतात हे मान्य, पण खडकात मुळातच किती शिसे होते, हे कोणी पाहिले आहे?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि या शास्त्राचे निम्मे कसब तिचे उत्तर शोधण्यातच खर्ची पडले आहे. झिरकॉन हे खनिज शिलारसातून स्फटिकरूप होताना आपल्या रचनेत झिर्कोनियमच्या जागी थोडे युरेनियम सामावून घेते, शिसे मात्र त्या रचनेत जवळजवळ बसतच नाही. त्यामुळे आज त्यात आढळणारे शिसे बहुतांशी तिथेच तयार झालेले असते. शिवाय एकाच कणात दोन घड्याळे चालू असतात : युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ (अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे) आणि युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ (सुमारे ७० कोटी वर्षे). दोन्हींची उत्तरे जुळली तर विश्वास ठेवायला जागा आहे. नंतरच्या उष्णतेने किंवा पाण्याने काही शिसे निसटले असेल तर ती जुळत नाहीत, आणि बिघाड तिथेच उघडा पडतो.

ज्या खनिजांत जन्य (म्हणजे ऱ्हासातून बनणारे) मूलद्रव्य सुरुवातीपासूनच असते, तिथे वेगळी युक्ती लागते. रुबिडियम-८७ पासून स्ट्रॉन्शियम-८७ बनते, पण स्ट्रॉन्शियम-८६ ची त्यात भर पडत नाही. म्हणून एकाच खडकातील, रुबिडियमचे प्रमाण कमी-अधिक असलेली अनेक खनिजे घेऊन रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांची स्ट्रॉन्शियम-८६ शी असलेली गुणोत्तरे अनुक्रमे आडव्या व उभ्या अक्षावर मांडली की बिंदू एका सरळ रेषेत येतात. तिचा चढ वय सांगतो आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो बिंदू सुरुवातीचे प्रमाण सांगतो. काही गृहीत धरावे लागत नाही असे नाही, पण सुरुवातीचे प्रमाण मात्र गृहीत न धरता मोजून मिळते.

मिळालेले वय कशाचे, हेही तपासावे लागते. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्समधला झिरकॉनचा एक कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे, पण तो ज्या गाळाच्या खडकात आहे तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा. कणाचे वय खडकाला चिकटवले तर १४० कोटी वर्षांची चूक होते.

प्रश्न : ऱ्हासाचा वेग पूर्वी वेगळा असू शकेल ना?

उत्तर : तसे दिसत नाही. ऱ्हास अणुकेंद्रकात घडतो. खडकातील नेहमीचे तापमान व दाब तिथवर पोहोचत नाहीत. (इलेक्ट्रॉन पकडून होणाऱ्या ऱ्हासावर रासायनिक स्थितीचा किंचित परिणाम होतो, पण तो फारच अल्प असतो.) १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा (स्फोट पावलेल्या ताऱ्याचा) प्रकाश सुमारे १,६८,००० वर्षांपूर्वी निघाला होता, आणि तो मंदावत गेला तो त्याला ऊर्जा पुरवणाऱ्या कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याला धरूनच; म्हणजे तेव्हाही हा वेग आजचाच होता.

प्रश्न : मग ताज्या लाव्हाचे वय कोट्यवधी वर्षे कसे येते?

उत्तर : हवाईमधील १८००-०१ च्या उद्रेकाचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो. पोटॅशियम-४० पासून बनलेला आर्गॉन हा वायू असल्याने वितळलेल्या लाव्हातून सहसा निसटतो आणि घड्याळ शून्यावर येते. त्या लाव्हात मात्र खोलवरून आलेले, पूर्ण न वितळलेले जुन्या खडकाचे तुकडे होते आणि त्यांत आधीचा आर्गॉन अडकून राहिला होता. अशा तुकड्यांचे वय ताज्या लाव्हाच्या नावावर मांडणे हा नमुना निवडण्यातला दोष आहे, पद्धतीतला नव्हे. आता नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्यावर सुटणारा आर्गॉन वेगळा मोजतात, त्यामुळे असा जादा आर्गॉन बऱ्याचदा ओळखता येतो.