दापोलीच्या माणसांना वादळाची भीती कसली घालता?

रेडिंगहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलंय. फेब्रुवारीत मुलांच्या शाळेला आठवड्याची सुट्टी, तेव्हा हे चौघं मॉरिशसला जाणार. सासू-सासरे दापोलीहून मुंबईला येऊन थेट विमानाने तिकडेच पोचणार आणि सगळे तिथल्या राजधानीत, पोर्ट लुईला भेटणार. बेत मला फार आवडला. इंग्लंडच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांना हीटरला चिकटवून बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मुंबईहून सहा-सात तासांचा प्रवास, भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढायची कटकट नाही.

प्रश्न बरेच विचारलेत. जेवणाचं काय, कपडे कोणते, शहरात राहावं की किनाऱ्यावर. पण माझं लक्ष अडकलं ते तिने जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांत: "तिकडे फेब्रुवारीत सायक्लोन सीझन असतो असं ह्यांनी वाचलंय. आई-बाबांना काही बोललो नाही, उगाच टेन्शन घेतील."

अगं, माझ्या भाचीएवढी असशील म्हणून एकेरीवर येते. हे 'उगाच टेन्शन घेतील' मला आता पाठ झालंय. दुबईची पत्रं येतात त्यात असतं, मेलबर्नच्या पत्रांत असतं. नोकरी गेली, सांगू नका. पोराचा हात मोडला, प्लास्टर निघेपर्यंत व्हिडिओ कॉलवर शर्ट लांब बाह्यांचा. आणि तिकडे तेही हेच करतात. बाथरूममध्ये घसरून पडतात आणि आपल्याला ते मावसबहिणीकडून तीन महिन्यांनी कळतं. मग आपण किती चिडतो!

तुझे सासू-सासरे दापोलीचे. 3 जून 2020 ला 'निसर्ग' आलं तेव्हा ते कुठे होते, विचारलंस कधी? त्या पट्ट्यात पत्रे आणि कौलं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यातून निघालेल्या माणसांपासून तुम्ही रेडिंगमध्ये बसून चक्रीवादळ लपवताय!

माझे वडील पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. जून 2007 मध्ये ते माझ्या बहिणीकडे मस्कतला होते आणि नेमकं 'गोनू' चक्रीवादळ आलं. बहिणीने त्यांना पत्ता लागू दिला नाही. टीव्ही बंद, 'रिमोट बिघडलाय' म्हणे. बाबा गॅलरीत गेले तर खाली वॉचमन गाड्या उंचवट्यावर हलवायला लावतोय. ते आत आले, एक अक्षर बोलले नाहीत. बादल्या, पातेली, प्रेशर कुकरसुद्धा नळाखाली लावून भरला, कुंड्या आत घेतल्या, आणि मग जावयाला विचारलं, "हा खालचा कोरडा ओढा कुठून येतो?" पुढे असल्या कोरड्या ओढ्यांना पूर आले, शहरात पाण्याची बोंब झाली, तेव्हा त्या मजल्यावर पाणी होतं ते आमच्याच घरात. पण बहिणीशी ते नीट बोलले ते पाणी ओसरल्यावर. "मला काय, शोकेसमध्ये ठेवलंय का?"

आता मॉरिशसचं खरं ते ऐक, आणि जसंच्या तसं फोनवर सांग. नोव्हेंबर ते साधारण मेच्या मध्यापर्यंत तिथे वादळांचा मोसम, जोर जानेवारी ते मार्च. 1960 चं कॅरोल, 1975 चं जर्व्हेज, 1994 चं होलांडा, तिन्ही फेब्रुवारीतली. 2023 च्या फेब्रुवारीत फ्रेडी बेटाच्या उत्तरेकडून गेलं. याचा अर्थ दर फेब्रुवारीत वादळ थडकतंच असं नाही. बहुतेक सुट्ट्या ऊन आणि मधूनच कोसळणारी सर यातच जातात. कॅरोलनंतर लोकांनी पत्र्याची घरं सोडून काँक्रीटची बांधली. आणि इशारे देण्याची तिथली पद्धत इतकी सरळ आहे की सासऱ्यांना दोन मिनिटांत कळेल. क्लास वन म्हणजे वादळी वारे यायला अजून दीड-दोन दिवस आहेत. क्लास टू म्हणजे उजेडाचे बारा तास हातात. क्लास थ्री म्हणजे सहा तास. दुकानं, बस बंद, सगळे घरात. क्लास फोर म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत सुरू झालेत. मध्येच वारा पडला तर बाहेर डोकावायचं नाही, वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जात असतो. हे सासऱ्यांनाच तुला समजावून सांगू दे.

पोर्ट लुईची एक निराळी भानगड आहे. तिथे वादळ नसतानाही पाणी घात करतं. शहराच्या पाठीशी ल पूसचा 812 मीटरचा डोंगर, पुढे बंदर, मध्ये दाटीवाटीने गाव. 30 मार्च 2013 ला दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर पाऊस पडला आणि 11 माणसं गेली. बंदरालगतच्या कोदाँ भागाजवळच्या भुयारी वाटेत आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये लोक अडकले. जानेवारी 2024 ला बेलाल वादळाच्या वेळी याच शहरात गाड्या रस्त्यावरून वाहून गेल्या. तेव्हा आभाळ फुटलं की भुयारात शिरायचं नाही, गाडी तळघरात ठेवायची नाही. हे नातवंडांना आजोबांनी सांगितलेलं जास्त लागतं.

आणि लपवाछपवीचा खरा फटका कुठे बसतो ते तुझ्याच पत्रात आहे. "बाबांनी परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोतीबिंदूची तारीख घेतलीय." घेणारच! त्यांना कुठे माहीत आहे की विमानतळ एक-दोन दिवस बंद पडू शकतो? आई मोजून आठ दिवसांच्या बीपीच्या गोळ्या घेतील, त्याही मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी. माझ्या सासूबाईंनी सिंगापूरला हेच केलं होतं, आणि मग तिथे स्ट्रिपचा फोटो दाखवत दुकानं पालथी घालत फिरलो. तेव्हा मोतीबिंदू आठवडाभर पुढे ढकला. गोळ्या आठ दिवस जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. विमा आत्ताच काढा आणि त्यात बीपी, शुगर लिहा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या पॉलिसीचा सहसा उपयोग होत नाही. नवऱ्याला म्हणावं, येत्या रविवारी तूच फोन कर. आई तुझी आहे.

बाकीचं पटापट. शाकाहाराची काळजी नको, धोलपुरी, म्हणजे डाळ भरलेली पोळी, गल्लोगल्ली मिळते. पोर्ट लुई वाऱ्याच्या आडोशाला असल्यामुळे फेब्रुवारीत दुपारी भट्टी होते, पारा तिशीच्या वर आणि दमट हवा. आप्रवासी घाट आणि सेंट्रल मार्केट सकाळी उरका. घाट मात्र चुकवू नका. 1834 पासून भारतातून करारावर नेलेले मजूर तिथे उतरले, त्यांत आपल्या रत्नागिरीकडचेही होते, आणि त्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे आजही गणपती बसवतात. मुक्काम किनाऱ्यावर करा, शहर एका दिवसात होतं. डासांचं मलम घ्या.

आईंना नऊवारी नेसून गंगा तलावाला, तिथल्या शिवाच्या तीर्थाला, जायचंय, चालेल का? न चालायला काय झालं! फक्त महाशिवरात्र तुमच्या सुट्टीत येतेय का बघा. त्या दिवसांत कावडी घेऊन चालत जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात, गाडी इंच इंच सरकते. तलाव वर पठारावर आहे, खाली घाम गाळत असलात तरी तिथे पाऊस आणि गार वारा लागतो. आईंना शाल घ्यायला सांग, आणि का ते पण सांग.