माडांखाली ढीग लावू नका

गोराईच्या दहा गुंठ्यांत तबेल्यातलं ताजं शेण टाकलं, वांगी पिवळी पडली, आता उरलेल्या शेणाचा ढीग माडांच्या सावलीत लावू का, असं तुम्ही विचारलंय. वांग्यांचं नंतर बघू. आधी तो ढीग थांबवा!

आमची वाडी मनोरीला. मीसुद्धा सावली बघून माडांखालीच ढीग लावला होता. माडाचा कोवळा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा त्या ढिगात अंडी घालतो, हे गावीच नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात नव्या झावळ्या कात्रीने कातरल्यासारख्या त्रिकोणी दिसायला लागल्या. मार्व्याची फेरीबोट, मग रिक्षा, असं करत एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. साहेबांनी फोटोकडे न बघताच सांगितलं, "खत कमी पडतंय, शेणखत वाढवा." आणि मी वाढवलं की हो! भुंग्याच्या बाळंतपणाची सोय मीच करून दिली. भर फळावरचे दोन माड सुई, म्हणजे शेंड्याचा कोवळा कोंब, कुजून गेले. शेवटी शेजारच्या मामांनी फावड्याने ढीग उकरून दाखवला. आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या. मामांनी हे दाखवलं, तेही पैसे न घेता.

तेव्हा ढीग माडांपासून लांब लावा. महिन्याला वरखाली करा, अळ्या वेचा. कोंबड्या असतील तर सोडा, त्या चट्टामट्टा करतात. अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशीही शेणात मिसळतात, फक्त ढीग ओलसर हवा. पावसाळ्यात वर ताडपत्री हवीच, नाहीतर आपल्याकडचा पाऊस शेणातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, धुऊन नेतो.

आता वांगी. मी काही कृषितज्ज्ञ नाही, तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून बोलतोय. ताज्या शेणाची उष्णता मुळांना लागली असेल. त्यात पेंढा असेल तर तो कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, झाड उपाशी. एक रोप उपटून मुळं बघा, बुंध्याजवळचं शेण बाजूला करा. पुढच्या वेळी चार-पाच महिने कुजलेलं, शेणाचा वास गेलेलंच टाका. आणि "शेणखत टाकलं की दुसरं काही लागत नाही" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. टनभर शेणखतात नत्र जेमतेम 5 किलो, तेही पहिल्याच वर्षी सगळं मिळत नाही.

जाता जाता : तबेल्यात शेण पाण्याने लोटतात. ट्रकवाल्याला पैसे देण्याआधी मूठभर दाबून बघा. पाणी गळलं तर भाव पाडा, वाहतूक तुम्ही पाण्याची भरताय.