सुंदर गाडी, बेढब गाडी: ठरवणार कोण?

प्रश्न: मला जी गाडी भारी वाटते तीच मित्राला बेढब वाटते, मग डिझाइन चांगलं की वाईट हे ठरवायचं कसं?

उत्तर: एकमत होणार नाहीच, पण सगळं नुसतं आवडीवर सोडून द्यावं असंही मला वाटत नाही. १९६१ची जॅग्वार ई-टाइप बघा, लांबलचक बॉनेट, मागे सरकलेली केबिन, प्रमाणं इतकी जमलीयत की नावं ठेवणारा क्वचितच भेटतो. याउलट १९९८ची फियाट मल्टिप्ला, पुढच्या काचेखाली फुगवटा आणि त्यात हायबीमचे दोन बारके दिवे, लोकांनी तिला कुरूप म्हणून धुतलं, पण आत पुढे तीन मागे तीन अशी सहा माणसं बसतात आणि न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमनं तिला प्रदर्शनातही मांडली. २००४ला कंपनीनं तोंड बदलून चारचौघींसारखं केलं, तिथे गाडीतला जीवच गेला असं माझं ठाम मत.

मला खरी कुरूप वाटते ती खोटी गाडी, म्हणजे बंपरवर हवा आत न जाणाऱ्या बंद जाळ्या, एक्झॉस्टचा नुसता देखावा. मित्राला विचारा नेमकं काय खटकतंय, आणि दोघं मिळून गाडी बाजूनं जरा लांबून बघा, बॉडीच्या मानानं चाकं बारकी असतील तर तिथेच दिसेल.