वाचकांचे प्रश्न : मर्जीवर चालणारा धंदा

प्रश्न : माझी भाची चित्रपटांत काम मिळवण्यासाठी घर सोडून गेली होती. आता ती परतली आहे आणि तिच्या बोलण्यात एकच सूर असतो : तिथे सगळे विकाऊ आहे, गुणांना किंमत नाही, सरळ माणसाने तिकडे फिरकू नये. मी आयुष्यभर सिनेमावर प्रेम केले. ही दुनिया जात्याच अनीतीची आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : आपल्या भाचीने जे पाहिले आणि सोसले, ते खोटे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र चित्रपटातली माणसे इतर धंद्यांतल्या माणसांपेक्षा अधिक लोभी किंवा अधिक लंपट असतात, असे मानायला आम्हाला आधार सापडत नाही. फरक आहे तो व्यवहाराच्या रीतीत. भूमिका कोणाला मिळणार, पैसे किती आणि केव्हा मिळणार, दिवसाचे काम कधी संपणार, या साऱ्या गोष्टी इथे बहुतांशी कोणाच्या तरी मर्जीवर ठरतात. ऑडिशनमध्ये कोणता निकष लावला, हे सांगायला कोणी बांधील नसतो. ‘रोलला फिट नाही’ एवढे म्हटले की विषय संपतो. ठरलेली रक्कम नव्वद दिवसांनी मिळेल असे सांगितले जाते आणि ते नव्वद दिवस उलटून गेल्यावरही निर्मात्याला दुखवण्याची सोय नसते, कारण पुढचे काम त्याच्या किंवा त्याच्या ओळखीच्या माणसाच्या हातात असते. अशा जागी दुष्टाला मोकळे रान मिळते हे उघडच आहे. आम्हाला अधिक गंभीर वाटते ते हे, की बऱ्या माणसालाही तिथे पाहून न पाहिल्यासारखे करण्याची सवय लागते.

या रीतीचे सर्वांत सविस्तर वर्णन एका सरकारी अहवालात आहे. २०१७ साली केरळमधील एका अभिनेत्रीवर चालत्या मोटारीत अत्याचार झाला. त्यानंतर तेथील चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांनी एकत्र येऊन केलेल्या मागणीवरून राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्येष्ठ अभिनेत्री शारदा तिच्या सदस्य होत्या. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला आणि तो सरकारदरबारी साडेचार वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये, काही भाग वगळून, तो लोकांपुढे आला. त्यात लैंगिक मागण्यांविषयी जे आहे त्याची वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. ‘ॲडजस्टमेंट’ आणि ‘कॉम्प्रोमाइज’ हे शब्द त्या सृष्टीत कोणत्या अर्थाने वापरले जातात, हे तेव्हा घरोघरी कळले. त्या गदारोळात अहवालातल्या साध्या नोंदी मात्र मागे पडल्या : बाहेरच्या चित्रीकरणात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, लेखी करार नाही, आणि ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून गर्दीत उभ्या राहणाऱ्यांचे हाल तर सर्वांत वाईट. आमच्या मते या नोंदी आणि त्या मागण्या एकाच मुळातून येतात. बारा तास काम करणाऱ्या स्त्रीला स्वच्छतागृहही मागता येत नसेल, तर तिला रात्री आलेल्या फोनला नकार कसा देता येईल? अहवालानंतर विशेष तपास पथक नेमले गेले, पण समितीपुढे बोललेल्या अनेक जणी पोलिसांपुढे बोलायला तयार झाल्या नाहीत. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. त्यांना पुन्हा त्याच सेटवर काम मागायला जायचे होते.

आता एक गोष्ट जरा कठोर वाटेल, तरी लिहितो. आपल्या भाचीच्या निराशेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या असण्याची शक्यता आहे आणि त्या वेगळ्या करणे तिच्याच हिताचे आहे. तिची फसवणूक किंवा छळ झाला असेल तर तो अन्याय आहे. पण काम न मिळणे हा प्रत्येक वेळी अन्याय नसतो. एका भूमिकेसाठी कितीतरी जण रांगेत असतात आणि निवड चोख झाली तरी एक सोडून सगळे निराश होऊनच परततात. यश मिळाल्यावरही हा धंदा कोणाला हमी देत नाही. नट-दिग्दर्शक भगवानदादा पालव यांनी १९५१ साली अफाट लोकप्रियता मिळवली, जुहूला बंगला आणि दाराशी गाड्यांची रांग आली, आणि पुढे स्वतः काढलेले चित्रपट पडल्यावर ते सारे विकून ते दादरच्या चाळीत राहिले. हे दुर्दैव होते. त्याला नैतिक अधःपतन म्हणता येणार नाही.

प्रश्न : ‘प्रभात’सारख्या कंपन्यांच्या काळात चित्रपटसृष्टी कुटुंबासारखी होती, असे आमचे वडील सांगत. पैशाने ती बिघडवली, हे खरे ना?
– एक वाचक

उत्तर : अर्धे खरे आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली ‘प्रभात’ काय किंवा ‘बॉम्बे टॉकीज’ काय, तिथे कलावंत आणि तंत्रज्ञ मासिक पगारावर असत. दुसऱ्या महायुद्धात साठेबाजी आणि काळ्या बाजारातून आलेला पैसा चित्रपटांत शिरला, एका चित्रपटापुरते उभे राहणारे निर्माते वाढले, नटांना करारातल्या रकमेखेरीज हातावर रोख मिळू लागली आणि पगारी कंपन्या मोडत गेल्या. ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या दुखण्याची नोंद केली होती. तरीही चित्रपटाला उद्योगाचा दर्जा मिळायला १९९८ साल उजाडले. मधल्या काळात बँका दारात उभे करत नसल्यामुळे निर्माते सावकार, हिरेव्यापारी, बांधकाम व्यावसायिक यांच्याकडे जात आणि काही जण गुन्हेगारी टोळ्यांच्या पैशापर्यंत पोचले. त्या पैशाची पावती नसते, त्यामुळे त्यातून दिलेल्या मोबदल्याचीही नसते, आणि पावती नसलेल्या पैशासाठी दाद मागायला कोणी कोर्टात जाऊ शकत नाही.

पण कुटुंब म्हणाल तर त्यातही एक कर्ता असतो आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते. शांता आपटे या ‘प्रभात’च्या आघाडीच्या नायिका. कंपनीशी झालेल्या वादात त्या १९३९ साली स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या होत्या. त्यांच्याकडे करार होता, पण त्याची कलमे एकाच बाजूने लिहिलेली होती. तेव्हा जुन्या काळाचे गोडवे गाताना ते फाटकही आठवावे. बायकांना मेकअपचे काम करू न देण्याचा नियमही जुन्या शिस्तीतलाच : मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना केशरचनेपुरतेच परवाने द्यायचे, असा दंडक अनेक दशके चालला आणि मेकअप कलाकार चारू खुराणा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये तो रद्द ठरवला.

प्रश्न : अमुक चित्रपटाने इतके कोटी मिळवले, या बातम्यांवर विश्वास ठेवावा का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : बेताने. हे आकडे बहुतेक निर्माते किंवा व्यापारी विश्लेषक देतात, त्यांची स्वतंत्र तपासणी करून जाहीर करणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, आणि गर्दी दिसावी म्हणून तिकिटे स्वतःच घाऊक विकत घेण्याची युक्तीही या धंद्याला नवी नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला अभिनयात जायचे आहे. हे सगळे वाचून धास्ती वाटते. तिला अडवावे का?
– एक आई

उत्तर : शांता आपटे यांनी उपोषणानंतर पुढच्याच वर्षी सिनेमात जावे का, या विषयावर एक पुस्तक लिहिले होते, म्हणजे आपला प्रश्न ऐंशी वर्षांहून जुना आहे. आमचे उत्तर : अडवू नका, पण रिकाम्या हाताने पाठवू नका. घरातून अडवलेली मुलगी चोरून जाते, आणि अडचणीत सापडल्यावर घरी फोन करायला कचरते. फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. तिला उदरनिर्वाहाचे दुसरे कौशल्य आधी मिळू द्या, कारण पुढच्या महिन्याचे भाडे भरता येणाऱ्या माणसालाच नकार देता येतो. भूमिका देण्यासाठी जो पैसे मागतो, मग ते नोंदणीचे असोत, छायाचित्रांच्या पोर्टफोलिओचे असोत की संघटनेच्या सभासदत्वाचे ‘कार्ड’ काढून देण्याचे, तो काम देणारा नव्हे, हे तिने पक्के ध्यानात ठेवावे. ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत द्यावी, कोणाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीत नाही. ठरलेली रक्कम, दिवस आणि तास निदान संदेशात तरी लिहून घ्यावेत; समोरचा लिहून द्यायला टाळाटाळ करू लागला, तर तेवढ्यावरूनही त्याची पारख होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चित्रीकरणालाही लागू आहे आणि प्रत्येक निर्मिती संस्थेने अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमावी, असे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सेटवर पहिल्या दिवशी त्या समितीत कोण आहे, हे तिने मोकळेपणाने विचारावे. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते आणि ती साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते.