सरासरी 36 का नाही?

प्रश्न असा आहे: क्लोरीनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) निसर्गात दोन, 35 आणि 37. त्यांची सरासरी 36 यायला हवी, पण पुस्तकात 35.5 छापलेलं असतं. मग 'सरासरी अणुवस्तुमान' हा शब्दप्रयोग चूक म्हणायचा का? 'भारित सरासरी' म्हणावं का?

शब्द बरोबर आहे. चुकतं ते दोन आकडे मिळवून दोनाने भागण्यात. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये दर चार अणूंमागे साधारण तीन 35 चे आणि एक 37 चा. म्हणून 35 तीनदा, 37 एकदा, बेरीज 142, भागिले चार: 35.5. काटेकोर आकडे घ्यायचे तर 34.969 चे 75.76 टक्के आणि 36.966 चे 24.24 टक्के, बेरीज 35.45. बाजारात तीन क्विंटल कांदा एका भावाने गेला आणि एक क्विंटल दुसऱ्या, तर शेतकरी सरासरी अशीच काढतो. त्याला कुणी 'भारित' शिकवलेलं नसतं.

संख्याशास्त्रात 'भारित सरासरी' रूढ आहे, तिथे खुशाल वापरावी. रसायनशास्त्रात मात्र मी ती टाळेन. इथे 'विद्युतभारित कण' आधीच ठाण मांडून बसलेत, शिवाय जुन्या पुस्तकांतला 'अणुभार' आहेच. 'भारित सरासरी अणुभार' वाचून मुलांनी नेमका कोणता भार धरायचा?

'अणुभार' आणि 'अणुवस्तुमान' एकाच राशीची नावं. भार म्हटलं की वजन आठवतं, म्हणून 'अणुवस्तुमान' अधिक नेमकं. खरी गल्लत होते 'अणुवस्तुमानांका'शी. तो एकेका समस्थानिकाचा, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मोजून येणारा, त्यामुळे नेहमी पूर्णांक. 'क्लोरीनचा अणुवस्तुमानांक 35.5' हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं आणि ते साफ चूक आहे. अर्धा न्यूट्रॉन आणायचा कुठून?

(बाकी 'समस्थानिक' झकास शब्द आहे: आवर्तसारणीत ज्यांचं स्थान एकच ते. 1913 साली फ्रेडरिक सॉडी यांनी रूढ केलेल्या मूळ ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थही हाच.)

फ्लोरीनचं निसर्गात एकच समस्थानिक आहे, 19. तिथे सरासरी काढायला दुसरा आकडाच नाही, तरी अणुवस्तुमान 18.998 येतं. ती तूट अणुकेंद्रकातल्या बंधन-ऊर्जेची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र बांधले जाताना बाहेर पडणाऱ्या ऊर्जेची. तिचा दोष 'सरासरी' या शब्दाला देऊ नये.